शेवाळाच्या जागेची सूचना

मी एक जुना सूचनाफलक आहे, मित्रांनो. पोपायान शहरातल्या विद्यापीठात, विज्ञान विभागाच्या जिन्याखाली मी लटकतो. आर्सेसिओ सुतारानं मला लाकडी चौकट केली आणि आत बुचाचा जाड थर बसवला.

डॉक्टरेट झालेल्यांना पुढच्या संशोधनासाठी दोन-दोन वर्षांच्या जागा निघतात. त्या काळी त्यांच्या सूचना कागदावरच येत. कधी ज्वालामुखीच्या राखेवर काम, कधी कीटकांवर, कधी औषधी रसायनांवर. कार्यालयातल्या लिगियाबाई चार टाचण्या ओठांत धरून एकेक कागद लावायच्या. मग घोळका जमायचा. तेव्हा माझा केवढा मान होता!

नुबिया दर शुक्रवारी यायची. डोंगरमाथ्यावरचं शेवाळ पाणी कसं धरून ठेवतं, हा तिचा विषय. "शेवाळाला कोण पगार देणार गं?" असं तिची आई विचारायची म्हणे. डॉक्टरेट होऊन दोन वर्षं झाली तरी तिला जागा नव्हती. तिचा मित्र एवेलियो याचाही विषय तोच आणि अडचणही तीच.

एका मंगळवारी सूचना आली. शेवाळाच्या संशोधनासाठी एकच जागा, अर्ज सोमवारपर्यंत. एवेलियोनं ती वाचली. इकडेतिकडे पाहिलं, टाचण्या उपटल्या आणि कागद खिशात घातला. मला तोंड असतं तर ओरडलोच असतो.

शुक्रवारी नुबिया आली. एवेलियो शेजारीच कॉफी पीत उभा होता.

"बाई, या आठवड्यातही काही नाही?" तिनं विचारलं.

"नाही कसं? तुझ्या शेवाळाचीच होती की! मीच लावली मंगळवारी," लिगियाबाई चकित झाल्या. "वाऱ्यानं गेली वाटतं."

नुबिया एवेलियोकडे वळली. "अरे, म्हणजे तुझीही हुकली? तू बघितली असतीस तर मला पळत सांगायला आला असतास."

एवेलियोचा चेहरा पडला. त्यानं खिशातून चुरगळलेला कागद काढला. "मीच काढली, नुबिया. घरी जुळी लेकरं आहेत गं. डोकं फिरलं माझं."

नुबियानं कागद त्याच्या हातातून घेतला. मग तो माझ्या चौकटीवर तळहातानं सपाट केला. "सांगायचंस तरी, गाढवा. बाई, टाचण्या द्या."

दोघांनीही अर्ज केला. जागा नुबियाला मिळाली. निकाल माझ्यावरच लागला. तो वाचून एवेलियो बराच वेळ उभा राहिला. मग वर जाऊन तिचं अभिनंदन करून आला. जिना उतरताना त्याचे डोळे ओले होते. पुढल्या वर्षी माती-संशोधनाची जागा निघाली, तेव्हा नुबियानं त्याला फोन केला, "ये लवकर, अजून कुणी खिशात घातली नाहीये!" ती जागा त्याला मिळाली.

आता सूचना फोनवर येतात. माझ्यावर नाचाच्या शिकवणीच्या नि हरवलेल्या मांजरांच्या जाहिराती असतात. बूच भुगा होऊन गळतं. लिगियाबाई निवृत्त झाल्या, टाचण्या गंजल्या.

मित्रांनो, कधी माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरं वाटेल. राहून गेलं, तरी माझी तक्रार नाही. पण कुणाच्या कामाची बातमी तुमच्या हाती आली, तर ती त्याला आजच कळवा. तिची वाट पाहत कुणीतरी दर आठवड्याला जिन्याखाली येत असतं.