मी बंद नव्हतो

हो, मीच बोलतोय. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावात, एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीत तुळशीच्या कुंडीशेजारी ठेवलेला फोन. चालू आहे मी. हे आधीच सांगतो, कारण माझ्याबद्दल भलतंच पसरवलंय लोकांनी.

माझं कूळ लहान. बाजारात दोन मोठी घराणी आहेत, जिकडे बघाल तिकडे त्यांचेच फोन. मी त्यांतला नाही. बर्लिनच्या एका छोट्या कंपनीने मला बनवलं. माझी बॅटरी घरच्या घरी बदलता येते आणि मालकाच्या चुगल्या मी कोणाकडे करत नाही. शिक्षण मात्र बेताचं. चार कामं येतात, ती नीट येतात. फोन लागतो, मेसेज येतो, गजर वाजतो, फोटो निघतो. शिवाय कान तिखट. खिडकीत बसलं की तळमजल्यावरच्या काकू कचऱ्याच्या डब्यांवरून कोणाला बोलतायत तेही कळतं.

उज्ज्वल त्या बर्लिनच्या कंपनीत कामाला होता. त्याने मला घरी आणलं आणि बायकोच्या, नीलाच्या, हातात दिलं. नीला इथल्या एका संशोधन संस्थेत आहे. वर्ध्याकडच्या तुरीच्या मुळांवर तिचं काम चालतं. ती मुळं लॅबमधल्या मोठ्या फ्रीझरमध्ये, हाडं गोठतील अशा थंडीत ठेवलेली असतात. एकदा वितळली की चुलीत घालायच्या कामाची. या कामावरच तिचा संस्थेतला करार वाढायचा होता. इथे नोकरी कराराने मिळते, आणि करार संपला की व्हिसाही घड्याळाकडे बघायला लागतो.

त्या फ्रीझरची हाक माझ्याकडे यायची. आत जरा ऊब वाढली की साधा एसएमएस सुटायचा आणि मी ओरडायचो. गेल्या वर्षी एका सुट्टीला नीला भाकरी थापत होती. मी ओरडलो. तिने पिठाच्या हातानेच मला उचललं आणि ट्राम पकडून लॅब गाठली. कोणीतरी दार नीट लावलं नव्हतं. तिने ते लावलं, मुळं वाचली. परतताना माझ्या काचेवर ज्वारीचं पीठ होतं. ते मला अजून मेडलसारखं वाटतं.

मग संस्थेने ऑफिसच्या निरोपांसाठी एक नवीन ॲप घेतलं. सगळ्यांनी ते आपापल्या फोनवर घालायचं ठरलं. नीलाने माझ्यावर घालून बघितलं. काचेवर अक्षरं आली: हे ॲप तुमच्या उपकरणावर चालत नाही.

उपकरण. जणू मी किसणी आहे.

नीलाने कॉम्प्युटर विभागाला विचारलं. उत्तर आलं की दोनच प्रकारच्या फोनांची सोय केली आहे, बाकीचे वापरणारे फार थोडे. आता मला सांगा, थोडे म्हणजे कोणीच नाही का? इथली ट्राम बघा. एका म्हातारबुवांनी बटण दाबलं तरी ती आख्खी गाडी थांबते. ड्रायव्हर म्हणत नाही की तुमच्या स्टॉपला उतरणारे थोडे आहेत.

रात्रीच्या जेवणाला नीलाने हे घरात सांगितलं. तिच्या सासूबाई नागपूरहून आलेल्या. त्यांनी वरणाचा डाव हातातच धरला.

"थोडे आहेत म्हणून बाहेर बसा म्हणते का? हे तर आमच्यासाठी नवीन नाही, बापा."

"आई, अहो फोनचं चाललंय," उज्ज्वल म्हणाला.

"मी पण फोनचंच बोलून राहिली. वाढ तिला."

लॅबमधल्या कॉम्प्युटरवर मात्र ते ॲप चालायचं. त्यामुळे गटात नीलाचं नाव दिसायचं आणि सगळ्यांना वाटायचं, आहे ती. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद झाला की ती नसायची, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. तिने एवढंच मागितलं होतं की फ्रीझरचा एसएमएस तरी चालू ठेवा. "आल्झो, बघू," म्हणजे 'बरं, बघू', असं उत्तर मिळालं. आपली माणसं 'बघू'ला होकार समजतात. तिनेही समजला.

एका शुक्रवारी एसएमएस बंद केला. तो बंद केल्याचा निरोपही त्यांनी ॲपवरच टाकला, नीला घरी निघाल्यावर. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. मी सभ्य घरातला फोन आहे.

दोन दिवसांनी रविवार. दुपारी पोहे झाले होते. सासूबाई उज्ज्वलच्या फोनवरून नागपूरच्या लेकीशी बोलत होत्या, नीलाची मुलगी प्राची त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मराठी प्रश्नांना जर्मन उत्तरं देत होती. मी नीलाच्या ताटलीशेजारी. मधेच तिने माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "शांत आहे. चला, आज निवांत." आणि लिंबू पिळलं.

तेव्हा तिकडे फ्रीझर ओरडत होता.

नंतर कळलं ते असं. इशारा ॲपच्या गटात गेला. टोबियास म्हणून तिचा एक सहकारी आहे, त्याने खाली लिहिलं, "नीला, बघशील ना?" बाकीच्यांनी ते वाचून अंगठे दाखवले. रांगेने अंगठे. प्रत्येकाला वाटलं, नीलाला सांगितलंय, ती जाईल. फोन कोणी लावला नाही, कारण रविवारी कोणाला फोन करणं इथे बरं दिसत नाही. दोघंजण तर लॅबच्या शेजारच्या गल्लीत राहतात.

सोमवारी फ्रीझरखाली पाणी होतं.

मला कशाचा राग येतो सांगू? मुळं गेली त्याचा तर येतोच. पण माझ्या गप्प बसण्यावर त्या बाईचा विश्वास होता. मी गप्प म्हणजे सगळं ठीक. त्यांनी मला न विचारता मला खोटं पाडलं.

दुपारी मीटिंग बसली. मी नीलाच्या कोटाच्या खिशात. विभागप्रमुख फ्राऊ केसलर म्हणाल्या, "नीला, तुम्हाला कळवलं होतं. उत्तर आलं नाही."

"तिचा फोन बंदच असतो," टोबियास म्हणाला.

आपल्या लोकांची हीही एक सवय, परक्या देशात आवाज नको. मला वाटलं, नीला गिळणार. मग तिचा हात खिशात आला. तिने मला टेबलावर ठेवलं.

"टोबियास, मला फोन लाव."

"आत्ता?"

"गेनाऊ. अगदी आत्ता."

त्याने आपला फोन उघडला. नावांच्या यादीत खाली गेला, वर गेला. कान लाल झाले. "नंबर नाहीये माझ्याकडे."

"मग बंद असतो हे कसं कळलं?" नीलाने विचारलं. आवाज अगदी हळू. "नंबर फ्रीझरच्या दारावर चिकटवलाय. मोठ्या अक्षरात. जाऊन बघून ये."

तो गेला. खोलीचं दार उघडंच राहिलं, त्यामुळे त्याचे बूट ओल्या फरशीवर वाजलेले आम्हाला ऐकू आले. परत येऊन त्याने आकडे दाबले.

आणि मी वाजलो. माझी रिंग जुनी, सायकलच्या घंटीसारखी. त्या खोलीत मी मन भरून वाजलो. उचलायची घाई नीलाने केली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, फ्राऊ केसलर हातातल्या पेनकडे.

"जा," शेवटी त्या म्हणाल्या. इकडे 'जा' म्हणजे 'हो', हाकलणं नव्हे. "चूक आपली आहे."

एसएमएस त्याच दिवशी परत सुरू झाला. करार सहा महिने वाढला, पण काम पुन्हा पहिल्यापासून. वर्ध्याला तूर उभी राहील, मुळं खोदली जातील, कागदपत्रं होतील, मग ती इथे येतील. टोबियास मफिन घेऊन घरी आला होता. मनाने वाईट नाही पोरगा. सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि जाताना मराठीत सुनावलं, "बोट हलवते, पाय हलवत नाही." त्याने हसून मान डोलावली.

आणि त्याच आठवड्यात, शनिवारी, नीलाने मोठ्या घराण्यातला फोन विकत घेतला.

तिला दोष नाही देत मी. पुन्हा मुळं घालवायची तिची ऐपत नाही. उज्ज्वलने माझं सिम काढलं तेव्हा ती दुसरीकडे बघत होती. पण चूक कोणाची होती आणि बदलावं कोणाला लागलं? ते ॲप बनवणारे अजूनही म्हणतात, थोडे आहेत. असे एकेकाला घराबाहेर काढल्यावर थोडेच राहणार ना.

आता मी सासूबाईंचा, पोटात त्यांचं सिम. त्या माझ्यावर फक्त बोलतात. "जय भीम, विमलबाई. जेवलीस का? काय केलं होतं?" इतकं बोलतात की माझा कान गरम होतो. मला ते आवडतं.

नीलाचा नवा फोन टेबलावर दिवसभर थरथरत असतो. हल्ली लॅबमधून निघताना ती घरी कळवते, आणि कळवायला ती माझा नंबर लावते. "आई, निघाले हो." तेवढ्यासाठी मी खिडकीत बॅटरी भरून बसतो.

तुमच्याही ऑफिसात, सोसायटीत, नातेवाइकांत असं एखादं असेल, ज्याच्या फोनवर तुमचं ते ॲप चालत नाही. त्याचा नंबर कुठल्यातरी दारावर लिहिलेला असेल. अंगठा दाखवायच्या आधी जरा उठा, नंबर बघा, लावा. आम्ही उचलतो.