भिंतीपलीकडचा माणूस

भाड्याचं घर शोधणं म्हणजे काय ताप असतो, हे आपल्यापैकी ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. म्हणूनच दोन खोल्या, मोठी खिडकी आणि खिशाला झेपणारं भाडं असं घर हाती लागलं, तेव्हा त्या कुटुंबाने फार खोदून चौकशी केली नाही. कुटुंब छोटंसं. नवरा बसचालक, बायको चष्म्याच्या दुकानात कामाला आणि घरात सासूबाई. किल्ली देताना घरमालक एवढंच म्हणाला, की आधीचे भाडेकरू म्हातारे होते, एकटे राहायचे, वारले. कुठे वारले ते त्याने सांगितलं नाही, आणि यांनीही विचारलं नाही.

याच घरात वारले, हे नंतर इस्त्रीवाल्याकडून कळलं. आतल्या खोलीत, भिंतीशी, जमिनीवर पडलेले सापडले, आणि तेही बऱ्याच दिवसांनी. दवाखान्याची गाडी येऊन त्यांना घेऊन गेली. पुढे काय झालं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

तोवर सासूबाईंना आवाज ऐकू यायला लागला होता. भर दुपारी, सगळं सामसूम असताना, आतल्या खोलीच्या भिंतीतून ठक, ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा ठक. सुनेने ते हसण्यावारी नेलं. तरी सासूबाईंच्या समाधानासाठी प्लंबर बोलावला. त्याने पाइप तपासले, दोन ठिकाणी आवळले, पाण्याच्या दाबाने होतं असं, म्हणाला आणि गेला.

सुट्टीच्या दिवशी मात्र सुनेने तो आवाज स्वतः ऐकला. भिंतीला कान लावून ती हळूहळू सरकत गेली. आवाज वरून येत नव्हता. अगदी खालून, जमिनीलगत येत होता. तिने पलंग ओढला. मागे, गुडघ्याच्याही खाली, भिंतीच्या रंगाचे टवके उडालेले होते. एकाच जागी, बारीक बारीक खाचा पडाव्यात तसे. तिने पलंग परत लावला आणि सासूबाईंना काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून ती त्या खोलीत पाठ भिंतीकडे करून बसेनाशी झाली.

सासूबाईंनी मनाशी ठरवलं, म्हाताऱ्याचा जीव अडकलाय, त्याची शांती करायला हवी. ज्या गुरुजींना त्या मानत, त्यांनी उलट प्रश्न केला: मेलेला माणूस कुठल्या धर्माचा? त्याच्या धर्माप्रमाणे निरोप द्यायला हवा. प्रश्न बिनतोड होता. दोघी चौकशीला लागल्या.

इस्त्रीवाला म्हणाला, सकाळी खिडकीत गुडघे टेकून बसलेले दिसायचे, म्हणजे आमच्यातले नक्कीच नव्हते. घरमालकाच्या मते ते मांस खात नसत, त्यामुळे त्याच्यातले असण्याचा प्रश्नच नव्हता. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कंपाउंडरची बायको म्हणाली, बाहेर पडताना डोकं झाकायचे, आमच्यात तसं नसतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर कानांवर हातच ठेवले. जो तो ठामपणे सांगत होता, की ते आमच्यातले नव्हते. मग कुणातले होते, हे मात्र कुणालाच सांगता येईना. घरमालकाकडच्या पावत्यांवरही नुसती न वाचता येणारी सही होती. ते बऱ्याच वर्षांचे भाडेकरू, पण त्यांच्या घरात पाऊल टाकलेला माणूस काही सापडला नाही.

तळमजल्यावर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई राहत. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. शेवटी सासू-सुना त्यांच्याकडे गेल्या. कंपाउंडर तिथेच होता. बाईंचा रक्तदाब मोजायला तो दर रविवारी यायचा. दंडाला पट्टा बांधून घेता घेता बाईंनी सगळ्यांच्या साक्षी ऐकून घेतल्या आणि मान हलवली.

“गुडघे टेकणारे कितीतरी धर्मांत आहेत. डोकं झाकणारेही. मांस न खाणारे तर सगळीकडे मिळतील. अशा खुणांवरून माणूस सापडत नसतो.”

सासूबाई इरेला पेटल्या होत्या. मग हे सगळे धर्म वेगळे कशासाठी, असं त्यांनी विचारलं. बाईंनी विषय टोलवला नाही. सगळे धर्म सारखेच, असं गुळमुळीत बोलणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. कुणी एकच देव मानतो, कुणी एकच सत्य अनेक रूपांत पाहतो, कुणाला देवाची गरजच वाटत नाही. कुणाचा पुनर्जन्मावर विश्वास, कुणाचा अखेरच्या न्यायाच्या दिवसावर. फरक आहेत आणि ते खरे आहेत, असं त्यांनी सांगितलं. हा धडा त्यांनी आयुष्यभर वर्गात शिकवला होता.

मग त्या सावकाश बोलू लागल्या.

“पण या धर्मांची सुरुवात कशी झाली ते बघा. म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत बघून एका राजपुत्राची झोप उडाली, म्हणून तो घर सोडून निघाला. त्यातून बुद्धाचा धर्म आला. गुलामीतून सुटलेल्या ज्यूंना सांगितलं गेलं, परक्याला छळू नका, तुम्हीही कधीतरी परके होतात. येशूला कुणी विचारलं, माझा शेजारी कोण? त्याने रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाची गोष्ट सांगितली, आणि त्याला उचलणारा होता परक्या जमातीचा. मुसलमानांचे पैगंबर पोरके वाढले. शेजारी उपाशी असताना जो पोटभर जेवतो तो खरा श्रद्धावान नव्हे, ही त्यांची शिकवण. ऋषी म्हणाले, सगळ्या जिवांत स्वतःला बघ. महावीरांनी किड्यामुंगीचा जीवही जपायला लावला. नानकांनी सगळ्यांना एका पंगतीत बसवलं. मरणानंतर काय, यावर या साऱ्यांचं एकमत नाही. मरणाआधी एकमेकांशी कसं वागायचं, यावर मात्र आहे.”

त्यांनी सुनेकडे पाहिलं. “हे सगळं मला तोंडपाठ होतं गं. आणि दोन मजले वर राहणाऱ्या त्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं.”

कंपाउंडर दंडाचा पट्टा सोडत होता. त्याचे हात थांबले.

“ती ठकठक मीही ऐकलीय,” तो म्हणाला. “तुम्ही यायच्या आधी. ते जिवंत असताना.”

तो पुढे बोलत राहिला, खाली बघून. आवाज दोन दिवस येत होता. आधी जोरात, मग हळू. बायकोने विचारलंही, काय चाललंय पलीकडे?

“मी म्हणालो, त्यांच्यात असं काहीतरी असेल. प्रार्थना वगैरे असेल. आणि टीव्हीचा आवाज वाढवला.”

सुनेच्या डोळ्यांसमोर त्या खाचा आल्या. पलंगामागच्या, गुडघ्याखालच्या. पडलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्याच उंचीवरच्या! भिंतीच्या एका बाजूला माणूस माणसाला हाक मारत होता, आणि दुसऱ्या बाजूला एक सज्जन माणूस त्याच्या धर्माचा मान राखून स्वस्थ बसला होता.

सून दवाखान्यातही जाऊन आली. बेवारस म्हणून सगळं उरकलं होतं, यापलीकडे काही कळलं नाही. ते कुठल्या धर्माचे, हा प्रश्न तसाच राहिला. पुढच्या रविवारी त्या आतल्या खोलीत आसपासचे सगळे जमले. कुणी आपापली प्रार्थना पुटपुटली, कुणी नुसते बसून राहिले. कंपाउंडर भिंतीशी जमिनीवर बसला आणि त्या खाचांवर हात ठेवून राहिला. सासूबाईंनी त्याला उठवलं नाही. आवाज त्यानंतरही अधूनमधून यायचा. पाइपाचा असेल. पण पाइपाचा आहे, असं म्हणायला आता कुणाची जीभ रेटेना.

सासूबाईंनी शांतीचा विषय पुन्हा काढला नाही. दुपारी आवाज आला, की त्या हातातलं काम ठेवून बसून राहायच्या. “ऐकतेय हो,” असं त्या एकदा भिंतीशी म्हणाल्या, तेव्हा सुनेला भडभडून आलं.

थंडी सुरू झाली तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावर एक मध्यमवयीन बाई एकटीच राहायला आली. तिची भाषा वेगळी, पोशाख वेगळा, दारावर लावलेली खूणही कुणी कधी न पाहिलेली. काही दिवस तिची ये-जा दिसली, मग बंद झाली. दार उघडलं नाही म्हणून इस्त्रीवाल्याने तिचे कपडे दोनदा परत नेले. जिन्यात कुजबुज झाली, एकांतवास असेल, व्रत असेल.

सासूबाईंनी ते ऐकलं मात्र, पदर खोचला आणि दुखरे गुडघे घेऊन जिना चढल्या. दार वाजवलं. उत्तर आलं नाही, तेव्हा आणखी जोरात वाजवलं, नावाने हाक मारली. नाव त्यांनी आल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं! आतून क्षीण आवाज आला. बाई तापाने फणफणली होती, दारापर्यंत यायचंही त्राण नव्हतं. घरमालकाच्या किल्लीने दार उघडलं. कंपाउंडर औषधं घेऊन धावत आला आणि ताप उतरेपर्यंत तिथून हलला नाही.

ती बरी झाल्यावर दुकानदाराने सासूबाईंना आडून विचारलं, त्या बाई नेमक्या कुणातल्या?

“वरच्या मजल्यावरच्या,” सासूबाई म्हणाल्या, आणि सामानाची पिशवी उचलून घरी आल्या.

मंडळी, दुसऱ्याच्या धर्माचा आदर म्हणजे त्याच्या दारापासून लांब राहणं नव्हे. धर्म कितीही असोत, आपल्या भाषेत त्या सगळ्यांच्या आधी पाळायचा एक शब्द आहे, शेजारधर्म. त्याला ना ग्रंथ लागतो, ना गुरू. पलीकडून आवाज आला की उठायचं, एवढंच.