मॅटचा शेवटचा हात

पांढुरकी साय पंखाच्या टोकाकडून धडाकडे सरकत गेली आणि रिगोबेर्तो योंतोप हातातला एअरब्रश तसाच धरून पाहत राहिला. वर्षभर जोडलेले, घासलेले, रंगवलेले ते वीतभर विमान. त्यावर द्यायचा उरला होता तो फक्त मॅट वार्निशचा शेवटचा हात. सगळी चमक मालवणारा आणि स्वतः मात्र अदृश्य राहणारा. त्याऐवजी विमानावर धुके उतरले होते.

दुपारी थोरला भाऊ टेओफिलो जेवायला येणार होता आणि जेवून लगेच दूर जंगलातल्या इकितोसला परतणार होता. नद्यांवर उतरणाऱ्या ज्या विमानाची ही प्रतिकृती, त्याचा तो जन्मभराचा मेकॅनिक. गुडघ्यांमुळे ही आपली लिमाची शेवटची खेप, असे त्यानेच फोनवर सांगितले होते. रिगोबेर्तोने पूर्वी दिलेले एक मॉडेल त्याने उलटसुलट न्याहाळून परत केले होते. "खेळणं आहे रे हे. माझं विमान कधी चमकलं नाही." त्या वाक्याचे कुसळ अजून सलत होते.

लिमाच्या ऑगस्टात, म्हणजे ऐन दमट हिवाळ्यात, मॅट फवारू नये, हे इथल्या मॉडेलवाल्यांना पाठ असते. हवेत समुद्रच टांगलेला. वाळता वाळता वार्निश ती ओल ओढून घेते आणि पांढरे पडते. तरी एखादा कोरडा दिवस सापडतो. तो ओळखायची सगळ्यांची खूण एकच: स्वयंपाकघरात जाऊन मिठदाणी उपडी करायची. मीठ अडले तर ब्रश धुऊन ठेवायचा, भुरभुरले तर कामाला लागायचे. आज सकाळी मीठ भुरभुरले होते, भर उन्हाळ्यात भुरभुरावे तसे.

"नेलिदा!" त्याने मिठदाणी बायकोसमोर आपटली. "हे मीठ मोकळं कसं?"

"मग पाहुण्याला काय दगड वाढू? ओव्हनमध्ये भाजून घेतलं, वर तांदळाचे दाणे टाकले. तुझ्या दादाला वरून मीठ लागतं."

"मला सांगायचंस तरी!"

"मिठाला विचारून विमानं रंगवतोस, ते मला विचारून रंगवत जा. दोरीवरचे मोजे सोमवारपासून ठिबकतायत, ते नाही दिसले?"

दिसले होते. पण त्याला मिठावर विश्वास ठेवायचा होता.

आता उपाय एकच. चकचकीत वार्निशचा ओला हात दिला की ती साय विरघळते. मात्र तो वाळून त्यावर पुन्हा मॅट द्यायला दुसरा दिवस उजाडावा लागतो. त्याने खिडक्या लावल्या, हवा कोरडी व्हावी म्हणून ओव्हन दार उघडून पेटता ठेवला.

"म्हणजे कोंबडी बाहेर आणि विमान आत?" नेलिदा म्हणाली.

"आत नाही. शेजारी."

चकचकीत हात बसला आणि साय विरली. रिव्हेटांच्या रांगा, चाकांच्या जागी असलेल्या होड्यांवरचे ओरखडे, धुराड्यामागची काजळी, सगळे पुन्हा वर आले. आणि त्या सगळ्यावर चाटलेल्या लिमलेटच्या गोळीसारखी एक निर्लज्ज चमक.

टेओफिलो जेवायला बसण्याआधीच विमानापाशी गेला. त्याने चष्मा खाली ओढला.

"काजळी डावीकडे जास्त. बरोबर. हे कुणी सांगितलं तुला?"

"तूच. पिसकोच्या तिसऱ्या ग्लासानंतर."

"आणि हे?" त्याचे बोट चमकेवरून हवेतच फिरले.

"मॅट बसलं नाही, दादा. हवा..."

"हं. खोटं कशाला बोलू, हे माझं नाही. माझ्याकडे आलं तेव्हाच उन्हानं खाल्लेलं होतं. कोरं असताना असेल असं." त्याने चष्मा पुन्हा वर सरकवला. "पण बांध. नेतो मी."

"नको. उन्हाळ्यात नीट करून पाठवतो."

"पाठवशील, वाटेत पंख मोडेल, मग वर्षभर फोनवर माझं डोकं खाशील. बांध म्हटलं ना. नेलिदा, ही कोंबडी गार कशी?"

रिगोबेर्तो खोके घेऊन बसला. भावाने नाकारले असते तर भांडता आले असते; या समजूतदारपणाशी भांडायचे कसे? ज्या रापलेल्या वर्षांसाठी एवढा खटाटोप केला, नेमकी तीच या पंखांवर नव्हती. कडेने कापूस खोचताना त्याने विमान उजेडाकडे पाठ करून वळवले. खिडकीतला करडा प्रकाश तिथेही येऊन बसला. आणखी वळवले, तिथेही. आतून दोघांचे हसणे ऐकू येत होते. त्याने झाकण लावले आणि दोरी गरजेपेक्षा जास्त आवळली.