निरगुडीचा वास

पासली गावात एखाद्या घरातून उकळत्या निरगुडीचा वास आला की बाया फक्त एवढंच विचारतात, कोण बाळंत झालं? पाला बांधावर फुकट वाढतो, कुणी अडवत नाही. पण हंडाभर पाण्यात तो उकळून उगीच कुणी आंघोळ करत नाही. बाळंतपण झालं किंवा पोटातलं पडलं, तरच. बाकीच्या बायकांनी अंधारात उठायचं, चार तांबे अंगावर घ्यायचे आणि कामाला लागायचं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. रतनलाही ते माहीत होतं, म्हणून तर तिने सासू घरात नाही हे बघून पाला तोडला.

भातलावणी नुकतीच उरकली होती. चिखलात वाकून वाकून तिची कंबर धरली होती आणि पायाच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. नवरा, गेनू, पुण्यात हमालीला. सासू फुलाबाई लेकीकडे गुंजवण्याला गेलेली, तिकडची लावणी मागे पडली होती म्हणून. घरात रतन एकटी आणि गोठ्यात एक म्हैस. लग्न होऊन सात पावसाळे झाले, तेव्हापासून असं रिकामं घर तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं.

खरं तर तिच्या मनात हे मागच्या वर्षीपासून होतं. नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि महिनाभर तिला रोज निरगुडीची आंघोळ. फुलाबाई लेकीच्या पाठीवर कढत पाणी ओतायची, तेल जिरवायची, मग बाजेखाली ओव्याची शेगडी. पाणी वाहायचं आणि लाकडं फोडायचं काम रतनकडे. न्हाणीच्या दाराशी रिकामी कळशी घेऊन उभी राहिली की तिला नणंदेची लाल झालेली पाठ दिसायची. तिला मुलाचा हेवा वाटायचाच, कुणाला वाटणार नाही? पण त्याहून जास्त हेवा तिला त्या पाण्याचा वाटायचा आणि हे कुणापाशी बोलायची सोय नव्हती. मूल झालं नाही तर हे पाणीही आपल्या अंगावर कधी पडणार नाही, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळून चुकलं होतं.

म्हणून त्या दुपारी तिने हंडा चुलवणावर चढवला. पावसाळ्यात कोरडं लाकूड म्हणजे घरातलं सोनं. फुलाबाईने माळ्यावर रचून ठेवलेलं ते सरपण काढताना रतनचा हात अडखळला, पण काढलं तिने. पाणी हिरवंगार झालं. तिने दार लावलं, दगडावर बसली आणि स्वतःच्याच हाताने तांब्यामागून तांब्या पाठीवर घेतला. कंबरेतली गाठ सुटत गेली तशी ती एकटीच हसली. मग डोक्याला फडकं बांधलं, घोंगडी ओढली आणि दिवसाढवळ्या आडवी झाली. इतकं सुख तिला माहेरीसुद्धा मिळालं नव्हतं.

शेजारची साळूबाई वासावर आली. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या वाडीला ठाऊक. दारातून तिने न्हाणीतला पाला पाहिला, डोक्याचं फडकं पाहिलं, घोंगडी पाहिली.

"रतन, आगं काय झालं? दिस गेलं व्हतं व्हय तुला?"

रतन ताडकन उठून बसली. चोरी पकडली गेली होती. सासूचं सरपण जाळून ही बया दुपारची लोळतेय, हे आता गावभर होणार, या विचाराने तिला रडूच कोसळलं.

"कळलं, कळलं," साळूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "रडू नगंस. येकडाव ऱ्हायलं म्हंजी परत बी ऱ्हातंय. पडून ऱ्हा तू, म्हस म्या पिळते."

रतनने तेव्हा एक शब्द बोलायचा होता. ती बोलली नाही. तो हात पाठीवर बरा वाटत होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या बाजारात साळूबाईला गुंजवण्याची एक बाई भेटली आणि निरोप गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी फुलाबाई दारात हजर. एसटी चुकली म्हणून दुधाच्या टेम्पोतून आली होती आणि टेम्पोने सोडल्यावर उरलेली वाट चालली होती. जे गुडघे तिला धड उकिडवं बसू देत नव्हते, त्या गुडघ्यांनी. कमरेपर्यंत चिखल, हातात पिशवी, पिशवीत खारीक, डिंक आणि अळीव.

ती काही विचारणार, मग आपण सांगून टाकू, असं रतनने ठरवलं होतं. फुलाबाईने विचारलंच नाही. रतनच्या तोंडावरून तिने हात फिरवला आणि म्हणाली, "येकटीनंच सोसलंस व्हय, पोरी?"

सात वर्षांत फुलाबाईने तिला 'पोरी' म्हटलं नव्हतं. उलट गेनूसाठी दुसरी बघायची भाषा गेल्या दिवाळीपासून सुरू झाली होती. भाची होती तिच्या मनात. आता ती भाची कुठल्या कुठे गेली. फुलाबाईने मेंगाई देवीला नारळ बोलला, गेनूला शनिवारी ये म्हणून निरोप धाडला आणि माळ्यावरचं सरपण स्वतः खाली काढलं. कमी झालेलं तिला दिसलं असणार. ती एवढंच म्हणाली, "बरं केलंस, शेकून घेतलंस."

मग सकाळ-संध्याकाळ आंघोळी सुरू झाल्या. मनात होतं तसंच सगळं. कढत पाणी, पाठीवर सासूचा खरबरीत हात, तेल, बाजेखाली शेगडी. आणि रतनला त्यातलं काही म्हणजे काही गोड लागेना. फुलाबाई भिंतीला धरून उठायची, "आई गं" म्हणायची, परत तांब्या भरायची. आपण माणूस आहोत की कोण, असं तिला वाटायचं. रोज सांगायचं ठरवायची आणि रोज त्या म्हातारीच्या तोंडावरची आशा बघून गप्प बसायची. आपली सून वांझ नाही, या एका गोष्टीवर ती बाई दुखरे गुडघे ओढत होती.

शुक्रवारी संध्याकाळी पाणी ओतता ओतता फुलाबाई बोलायला लागली.

"माजं बी पडलं व्हतं. गेनूच्या आधी. लावणीतच, खाचरात. आंग भरलं व्हतं चांगलं. पोरगी व्हती."

फुलाबाईने आणखी एक तांब्या ओतला.

"सासू म्हनली, हातातल्या रोपाच्या मुठी लावून घे, मंग बस. म्या लावल्या. रातच्याला उंबराखाली पुरली तिला. निरगुडी न्हाई का शेक न्हाई. दुसऱ्या दिशी परत खाचरात." तांब्या हंड्यावर आपटला. "तुज्या सासऱ्याला बी कदी बोलले न्हाई. आज तुला सांगतीया. तुला कळंल म्हनून."

त्या रात्री रतनचा डोळा लागला नाही. गेनू आला की हे खोटं त्याच्याही गळ्यात पडणार होतं. आणि म्हातारीने एवढ्या वर्षांचं जपलेलं दुःख काढून तिच्या ओंजळीत ठेवलं होतं, आपल्यासारखीच आहे असं समजून. भाची येवो नाहीतर आणखी कुणी येवो, हे पाणी आता आपल्याच्याने अंगावर घेववणार नाही, एवढं तिचं पक्कं झालं.

शनिवारी सकाळी तिने आधी उठून चूल पेटवली. फुलाबाई न्हाणीत आली तर रतन पदर खोचून उभी.

"आज तुमी बसा, आत्याबाई."

"येडी का काय? म्या काय बाळंतीण हाय?"

"गुडघं बघा कसं सुजल्यात. बसा."

फुलाबाई कुरकुरत बसली. पहिला तांब्या पाठीवर पडला तसे तिचे डोळे आपोआप मिटले. दुसरा तांब्या भरता भरता रतनने बोलून टाकलं, कारण समोरून बोलायची तिची छाती नव्हती.

"आत्याबाई, मला काय बी झालं न्हवतं. दिस गेलंच न्हवतं."

पाठ हलली नाही.

"साळूबाई म्हनल्या आन् म्या गप ऱ्हायले. लाकडं म्याच जाळली."

"मंग पाला कशाला उकळलास?"

"आंग लई दुखत व्हतं. आन् वन्संवर वतायचात ना, तसं..." रतनचा आवाज चिरकला. "तसं पानी येकदा आपल्या बी आंगावर पडावं वाटलं. बास."

चुलवणातलं लाकूड तडतडलं. फुलाबाई मागे न वळता म्हणाली, "लाकडांचं जाऊंदे. तुजं न्हवतंच, तर माजं कशाला काढून घेतलंस?"

रतनच्या हातातला तांब्या निवत होता. तिला वाटलं, आता उठेल, केस धरेल, माहेरची वाट दाखवेल. दाखवली असती तरी ती काही न बोलता गेली असती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून साळूबाईची हाक आली. "फुलाबाय, आजून आंगूळ घालतीस व्हय सुनंला? वास आलाय."

आता एका वाक्यात सगळं गावभर होणार होतं.

"सुनंला न्हाई," फुलाबाई मोठ्याने म्हणाली. "मला."

"तुला? आगं बया, तुला काय झालं?"

फुलाबाईने ओला पदर गुडघ्यांवर ओढला.

"पोरगी," ती म्हणाली. "लई वर्सं झाली."

साळूबाईसुद्धा गप्प बसली. फुलाबाईची पाठ आता हलायला लागली होती. ती रडतेय हे रतनला मागून दिसत होतं आणि तिला हात लावायचा धीर होत नव्हता.

"वत," फुलाबाई तशीच पुढे बघत म्हणाली. "उभी काय ऱ्हायलीस? गार व्हतंय."

रतनने निवलेला तांब्या बाजूला रिकामा केला, हंड्यात बुडवून परत भरला आणि तिच्या पाठीवर हळूहळू पाणी ओतायला लागली.