सैल गाठ

मालोजीरावांनी आणलेला रुमाल गंगूबाईंनी ताटावर धरला आणि त्याची गाठ दोन बोटांनी नुसती ओढली. ती सुटली.

"ही गाठ?" त्या म्हणाल्या. "रिसाल्यातला ना तू? अशी गाठ मारून घोडा बांधला असता तर देवासला जाऊन पोचला असता."

"रुमाल जुना आहे, काकी."

"रुमालाला नावं नको ठेवू."

वाळू सरसर ताटात उतरली. भाजलेल्या रव्याचा रंग, आणि इतकी बारीक की ताटाला लागताना तिचा आवाजही झाला नाही. पाच वर्षांच्या शारूने तिच्यात बोट खुपसले, बाहेर काढले, पुन्हा खुपसले. बोटाने केलेला खड्डा आपोआप बुजायचा. तिला ते खरे वाटेना.

प्रेमलता चहाची कपबशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला पुढे येऊन कपबशी ठेवायची होती, पण मालोजीराव वर बघत नव्हते. ते तिच्या नवऱ्याचे, म्हणजे गंगूबाईंच्या धाकट्या लेकाचे, जयसिंगरावांचे दोस्त. दोघे होळकरांच्या रिसाल्यात एकाच तुकडीत होते. संस्थान मध्यभारतात विलीन झाले, रिसाला मोडला, आणि त्याच पावसाळ्यात जयसिंगराव तापाने गेले. शारू तेव्हा पाळण्यात होती. मालोजीरावांना पुढे जोधपूरकडे, वाळवंटात झाडे लावायच्या सरकारी कामावर जागा मिळाली. सुट्टीवर आले की इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या या घरी एक चक्कर ठरलेली. मागच्या वर्षापर्यंत ते प्रेमलताला वहिनी म्हणत. आता काहीच म्हणत नसत. तिला हाक मारायची वेळ आली की खाकरत.

आत्ताही ते खाकरले. तिने कपबशी ठेवली.

"तिकडे सगळं असंच आहे?" गंगूबाईंनी ताटाकडे हनुवटी उडवली.

"नजर जाईल तिथवर. मधे मधे एखादी शमी. ते लोक खेजडी म्हणतात."

"शमी? आपली दसऱ्याची?"

"तीच, काकी."

गंगूबाई जरा सावरून बसल्या. त्यांचे यजमान दर दसऱ्याला महाराजांच्या स्वारीबरोबर शमीपूजनाला जायचे. घोड्याच्या कपाळाला गोंडा बांधायचे काम गंगूबाईंचे असे. तो गोंडा घोडा घामाने निथळला तरी हलत नसे.

"बिश्नोई लोकांची गावं आहेत तिथे," मालोजीराव सांगू लागले. झाडांचा विषय निघाला की त्यांची जीभ सुटायची. "झाड तोडत नाहीत, कोणाला तोडू देत नाहीत. हरणाला मारायची तर बातच सोडा. काळवीट अंगणात येऊन उभं राहतं, शेळीसारखं. पहिल्या दिवशी मी नुसता बघत बसलो. जेवण राहून गेलं."

"काय सांगतोस!"

"एखादी हरणी मेली ना, तर बाया तिच्या पाडसाला अंगावर पाजतात."

गंगूबाईंचा हात ताटाच्या कडेवर थांबला. "कोणाच्या अंगावर?"

"स्वतःच्या. एका बाजूला लेकरू, एका बाजूला पाडस. मी पाहिलंय. म्हणजे..." मालोजीराव कानापर्यंत लाल झाले. "मान खाली घातली लगेच. पण पाहिलं."

शारू खुदकन हसली. गंगूबाई हसल्या नाहीत. त्या नातीकडे बघत राहिल्या, मग मालोजीरावांकडे, मग पुन्हा नातीकडे. रस्त्यावरून टांगा गेला. घोड्याच्या टापा पार वळणावर विरून गेल्यावर त्या म्हणाल्या, "अजून किती सुट्ट्या वाळू आणून राहशील, मालोजी?"

मालोजीरावांनी कप बशीत ठेवला. तो वाजला.

"मी म्हातारी झाली, येडी नाही झाली. हिला विचारलंस का?"

"नाही."

"मग विचार. मी काय भिंतीला सांगून राहिली?"

मालोजीराव प्रेमलताकडे वळले आणि खाकरले. प्रेमलताने पदर डोक्यावरून पुढे ओढला, पण त्या आधी तिची मान होकारात हलली होती. गंगूबाईंनी ती पाहिली.

"बस. झालं." त्या म्हणाल्या. "आता प्रतापचं काय ते बघू."

प्रतापराव म्हणजे गंगूबाईंचे थोरले. सरकारी दफ्तरात नोकरीला, लालबागेच्या बाजूला बिऱ्हाड. आपल्या घराण्यात विधवेचा पाट लागत नाही, तिचे दुसरे लग्न होत नाही, हे ते जेवता जेवताही सांगत. आणि शारू घराण्याची, ती कुठेही जाणार नाही, हे तर सांगायचीही गरज नव्हती.

"तो कबूल नाही होणार. ब्रह्मदेव आला तरी. म्हणजे पळून जावं लागेल," गंगूबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि पळायचंच तर नीट पळा. अर्धवट काम मला चालत नाही. पोर तुमच्याबरोबर जाईल. मी पोचवायला येईन, आणि परत येऊन प्रतापला सांगेन. ते माझं मी बघते."

प्रेमलता खाली बसली.

"पण पाट आपल्या रीतीने लागेल. अवस गाठायची. काळोखात, उजाडायच्या आत. मी गाठ मारीन, ओटीत नारळ घालीन, की झालं. सवाष्णीची नजर पडायला नको. तिकडे वाळूत कोण आहे बघायला? ते हरणांचं गाव मला म्हणूनच पसंत पडलं."

"आई," प्रेमलता म्हणाली. "मला अंधारात नको."

"काय?"

"दिवसा. उन्हात. आणि शारू जवळ हवी."

"पहिल्या घरच्या लेकराने पाट बघायचा नसतो, प्रेमा."

"उद्या कोणीतरी तिला सांगेलच, तुझी आई रात्रीतून कुठं निघून गेली म्हणून. तेव्हा तिला म्हणता आलं पाहिजे, की नाही, मी होते तिथे. मी बघितलंय."

गंगूबाई ताटातली वाळू रुमालात भरू लागल्या. एक कणही बाहेर सांडला नाही. "तुमच्यापायी मी बाकी सगळं सोडलं," त्या म्हणाल्या. "एवढं एक नाही सोडणार. मलाही वर जाऊन तोंड दाखवायचं आहे." त्यांनी रुमालाची चार टोके एकत्र घेतली आणि गाठ मारली.

संध्याकाळभर शारू ती गाठ सोडायचा प्रयत्न करत होती. दात लावून झाले. शेवटी रुमाल उशाशी घेऊन झोपली.

*

निघायच्या दिवशी प्रतापराव स्टेशनवर पोचवायला आले. त्यांना पुष्करची यात्रा एवढेच सांगितले होते.

"या थंडीत पुष्कर! आई, तू पण ना," ते म्हणाले. "आणि सामान बघा. पुष्करात घर घेऊन राहिली की काय?"

"बायामाणसांचं सामान. तू नको मोजू."

प्रतापरावांनी कोटाच्या खिशातून लोकरीची टोपी काढली, शारूच्या डोक्यात बसवली आणि कानाखाली तिची नाडी बांधली. "काढायची नाही, समजलीस? तिकडची हवा फार खराब असते." मग प्रेमलताला, तिच्याकडे न बघता, "आईला घाटावर सांभाळा. पाय घसरतो तिचा."

"हो," प्रेमलता म्हणाली.

छोट्या लाईनीची गाडी हलली. गिरण्यांची धुराडी मागे पडेपर्यंत गंगूबाई खिडकीतून बघत होत्या. मग म्हणाल्या, "पुष्करला आपण जाऊच. डुबकी मारू, मग पुढे. लेकाशी खोटं बोलणारी बाई नाही मी."

त्यांनी खरोखरच डुबकी मारली. थंडीने दात वाजत असताना नेमका कोणता मंत्र म्हणाल्या ते कोणालाच कळले नाही.

जोधपूरच्या पुढे उंटगाडी होती. आधीच कामावर परतलेले मालोजीराव ती घेऊन आले होते, आणि आता गाडीच्या बाजूने चालत होते. रस्ता संपला, मग पाऊलवाट संपली, मग फक्त जमीन उरली. एवढी जमीन प्रेमलताने कधी बघितली नव्हती. तिला वाटले, आपण बोललो तर आवाज कुठे आपटून परत येईल? इथे आपटायला काही नाहीच. शारू तिच्या मांडीवर गप्प बसून होती. एरवी तिचे तोंड बंद नसे. एका शमीखाली पाच-सहा काळविटे उभी होती. गाडी जवळून गेली तरी ती हलली नाहीत. एकाने मान वळवून शारूकडे बघितले, शारूने त्याच्याकडे. दोघांपैकी कोणीच डोळे मिटेना.

"आजी," तिने कुजबुजत विचारले, "आपण यांच्या घरी आलोत?"

"हौ," गंगूबाई म्हणाल्या. त्याही कुजबुजल्याच.

*

मालोजीरावांनी गावात आधीच विचारून ठेवले होते. गावाबाहेरची शमी, तिच्याखाली काय करायचे ते करा, फक्त चूल पेटवू नका, एवढेच गावाने सांगितले. मुक्कामाच्या घरातल्या बाईने शारूला आपल्या लेकरांच्या रांगेत गोधडीत घेतले होते.

पहाट व्हायला वेळ होता. गंगूबाईंनी कंदील न घेता निघायचे ठरवले होते. दार उघडून त्या बाहेर पडल्या आणि उंबऱ्याशीच थांबल्या.

"कोणी दिवे लावलेत?"

"कोणी नाही, काकी."

त्यांनी वर बघितले. इंदूरला त्यांच्या गच्चीवरून मोजके तारे दिसत, तेही गिरणीचा धूर दुसरीकडे वळला तर. इथे आभाळात रिकामी जागाच नव्हती. तारे डोक्यावर होते आणि जमिनीला टेकलेलेही होते. पायाखालची वाळू त्यांच्यामुळे फिकी दिसत होती. समोरची शमी तिच्या एकेका फांदीसकट उभी होती. गंगूबाईंनी सुनेकडे बघितले. प्रेमलताचा चेहरा दिसत होता. पापण्याही दिसत होत्या.

"अवस आहे ना आज?" त्यांनी विचारले. "मी पंचांग दोनदा बघितलं होतं."

"अवसच आहे. अवसेलाच असं असतं इथे. चंद्र असला की एवढे तारे दिसत नाहीत."

"हे रोज असतं?"

"दर अवसेला."

"आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही," गंगूबाई म्हणाल्या. मग त्या शमीकडे चालू लागल्या.

शमीखाली तिघे उभे राहिले. थंडी हाडात शिरत होती. दूर हरणांचा कळप बसला होता. एखादे उठायचे, पुन्हा बसायचे. गंगूबाईंनी मालोजीरावांच्या खांद्यावरचे उपरणे घेतले, प्रेमलताचा पदर घेतला आणि गाठ मारली. त्यांची बोटे तिच्यावर फिरली. मग त्यांनीच ती सोडली.

"सैल झाली," त्या म्हणाल्या.

प्रेमलताने मालोजीरावांकडे बघितले. गंगूबाईंनी पुन्हा गाठ मारली. ओढून बघितली. मान हलवली. सोडली.

"बोटं गारठलीत माझी. थांबा जरा."

त्या हात काखेत घालून उभ्या राहिल्या. तोंड पूर्वेकडे होते. तिकडे, जमिनीच्या अगदी कडेला, एक फिकट रेघ उमटली होती. ती हळूहळू रुंद झाली. खालचे तारे आधी विझले. वाळूवर आधी राखाडी आणि मग तांबूस असा काहीतरी रंग चढू लागला. तो कुठून सुरू होतो ते कळत नव्हते. सगळी जमीन एकदमच जागी होत होती. कळप उठला. एकेक शिंग उजेडात वर आले.

"काकी," मालोजीराव खाकरून म्हणाले, "उजाडतंय."

"मला दिसतंय. आंधळी आहे का मी?"

"म्हणजे, तुम्हीच म्हणाला होता..."

"तू गप रे. मोठा रिसालदार." गंगूबाईंनी पदराने नाक पुसले. त्या पूर्वेकडेच बघत, मागे न वळता म्हणाल्या, "प्रेमा, जा. पोरीला उठवून आण."

प्रेमलता हलली नाही. तिला वाटले आपण चुकीचे ऐकले.

"जा म्हणते ना! का सूर्य डोक्यावर येऊ देतेस?"

तेव्हा ती पळत सुटली. वाळूत पाय रुतत होते. परत आली तेव्हा शारू तिच्या कडेवर होती, डोक्यावर काकाची टोपी, नाडी तशीच बांधलेली, डोळे अर्धे मिटलेले. वाळवंटाच्या कडेवर सूर्याची पहिली कोर आली होती. चौघांच्या सावल्या मागे इतक्या लांब पडल्या की शेवट दिसेना.

"आजी, काय चाललंय?"

गंगूबाईंनी उपरणे आणि पदर पुन्हा हातात घेतले. या वेळी त्यांची बोटे अडखळली नाहीत.

"तुझ्या आईचं लग्न," त्या म्हणाल्या. "नीट बघून ठेव."

त्यांनी गाठ आवळली आणि बाजूला झाल्या. मालोजीरावांनी प्रेमलताकडे बघितले. खाकरले नाहीत. "प्रेमा," ते म्हणाले, आणि शारूला घ्यायला हात पुढे केले.

शारू त्यांच्याकडे गेली. मग वाकून तिने दोन्ही हातांनी ती गाठ धरली आणि सगळा जोर लावून ओढून बघितली. गाठ हलली नाही.