माझा ब्रेक आणि तीस अंक मोजणारी मुलगी

या मित्रांनो, जवळ या. मागे उभे आहात तेही पुढे सरका, जागा पुष्कळ आहे. माझा आवाज घरघरता, लांबून नीट ऐकू यायचा नाही. एका दिवसाची हकीकत सांगते. ऐकताना छातीत धडधडलं तर धडधडू द्या. माझी धडधड अजून थांबलेली नाही.

मी एक जुनी निळी मोटारगाडी आहे. कारखान्यात शेकडो हातांनी मला घडवलं. कुणी दारं बसवली, कुणी दिवे तपासले, आणि शेवटी एका पोक्त बाईने माझ्या बॉनेटवरून तळवा फिरवून म्हटलं, "जा बये, सुखाने नांद." तो तळवा मी आजवर विसरले नाही.

पहिली अकरा वर्षं मी दातांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे होते. त्या मला स्वतः धूत, आणि धुताना गात. सूर यथातथाच होता, पण भाव असा की माझ्या पत्र्यालाही गहिवर यावा. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि मी अंगणात उभी राहिले ती राहिलेच. माझ्यावर पाचोळा साचला. उंदराने सीटचा कोपरा कुरतडला. दोन वर्षांच्या त्या उभं राहण्यात माझ्या ब्रेकच्या पंपातलं एक रबर सुकून चिरलं. रबर ते केवढं, तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढं! पण माणसांचे जीव त्याच्यावर तोललेले असतात.

मग जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने मला नेलं. त्याचं आवार चढावर होतं. फाटकाबाहेर पडलं की सरळ उतार, आणि उताराच्या पायथ्याशी बसथांबा. त्याने माझी चाकं काळ्या रंगाने चमकवली, आत अत्तराची बाटली टांगली. माझं दुखणं त्याला कळलं होतं. ब्रेक एकदाच दाबून धरला की पाय हळूहळू तळाला जाई. पटपट दोनदा दाबला की मात्र ठणठणीत लागे. "पुढच्या आठवड्यात बघू," तो म्हणायचा. असे सहा आठवडे गेले.

आणि एका संध्याकाळी ते कुटुंब आलं.

चौघं होती. बेकरी चालवणारे बाबा, इस्पितळात परिचारिका असलेली आई, आईचा धाकटा भाऊ म्हणजे मामा, आणि एकोणीस वर्षांची लेक. घरात तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती प्रत्येक काम सावकाश आणि क्रमाने करी. पहिल्या तारखेपासून तिला घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचं काम मिळालं होतं. गाडी असेल तरच काम. परवाना मात्र अजून शिकाऊच; पक्क्याची चाचणी त्याआधी द्यायची होती.

सकाळपासून त्यांनी चार आवारं पालथी घातली होती. एका गाडीचं दार उघडेना, दुसरीचं लागेना. तिसरीत बसल्यावर बाबांचे गुडघे हनुवटीला लागले.

"चौथीत तर मेलेल्या माशाचा वास होता," आई म्हणाली. "आणि हा म्हणतो, खिडक्या उघड्या ठेवू!"

"ताई, हवा खेळती राहते," मामा म्हणाला.

"मेहुणे, तुम्ही आता गप्प बसा आणि ही निळी चालवून दाखवा," बाबा म्हणाले. "आठला तुमच्या ताईची ड्यूटी आहे."

मित्रांनो, मला ती माणसं फार आवडली. मुंगीने माझ्या कुरतडलेल्या सीटवर अलगद हात ठेवला, जखमेवर ठेवावा तसा. मला घर हवं होतं हो! तरीही मी मनात म्हणत होते, देवा, यांनी मला नेऊ नये. निदान आज तरी नको.

मामा माझ्यात बसला. सव्वीस वर्षं त्याने बेकरीचा टेम्पो चालवला होता. त्या टेम्पोचे ब्रेक पहिल्यापासून ढिले, त्यामुळे त्याच्या पायाला वळणच पडलं होतं: थांबायचं म्हणजे टक्‌ टक्‌, दोनदा दाबायचं. त्याला स्वतःला याचा पत्ताही नव्हता. तो मला उतारावरून नेऊन परत घेऊन आला. प्रत्येक वळणावर टक्‌ टक्‌, आणि मी शहाण्यासारखी थांबत गेले. मला ओरडायचं होतं, पण मला भोंगा होता, वाचा नव्हती.

"ब्रेक एकदम झकास!" मामाने जाहीर केलं. "भावजी, डोळे मिटून घ्या."

"चल मुंगी, आता तू," बाबा म्हणाले. "गाडी तुझ्या हाताला बसते का बघ, म्हणजे सही करून मोकळे होऊ."

ती बसली. शेजारी मामा, मागे आई-बाबा. माझं तोंड फाटकाकडे होतं. तिने आरसे नीट केले, पट्टा लावला, इंजिन सुरू केलं. मग ब्रेकवर पाय ठेवून ती पुटपुटू लागली, "एक, दोन, तीन..."

"हे काय, जप चालू केलास?" मामाने विचारलं.

"आमच्या शिकवणाऱ्या बाई सांगतात. निघण्यापूर्वी ब्रेक दाबून धरायचा आणि तीसपर्यंत मोजायचं."

बाराव्या अंकाला माझा ब्रेक खाली सरकू लागला. वीसला तो तळाला टेकला.

"मामा, पाय खाली चाललाय."

"मग काय वर जाईल?"

मागे बाबा हसले. खिडकीशी वाकलेला व्यापारीही हसला, पण त्याच्या कपाळावर घाम होता. "शिकाऊ पाय आहे, ताई. सवय झाली की कळेल."

मुंगीचे कान लाल झाले. परवान्याच्या चाचणीत ती एकदा नापास झाली होती, आणि तेव्हाचं लोकांचं हसू तिच्या कानांत अजून होतं. तिने एकवार मामाकडे पाहिलं. सव्वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस म्हणतोय, ब्रेक झकास. मग तिने हँडब्रेक सोडला.

पण मुठीतून सोडला नाही.

मी घरंगळू लागले. तिने ब्रेक दाबला, एकदाच, शांतपणे, शिकवल्यासारखा. या खेपेला चिरलेल्या रबराने दम धरला नाही; पाय गेला तो तळालाच. फाटक आलं. फाटकासमोरून एक बाई दोन लहानग्यांचे हात धरून चालली होती. माझ्या अंगातला प्रत्येक स्क्रू थरथरत होता. दयाघना, मला चिखलात रुतव, माझी चाकं गळून पडू देत, पण ही लेकरं!

"मामा!" ती किंचाळली आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक वर खेचला.

मी करकरत थांबले. धाकट्याचा फुगा माझ्या दिव्याला घासून गेला. ती बाई रागाने काहीतरी बोलली आणि मुलांना ओढत निघून गेली.

आईने मागून हात पुढे करून मुंगीची नाडी धरली. मोजता मोजता ती स्वतःच आकडे चुकली.

मामाने मुंगीला उतरवलं आणि स्वतः बसला. टक्‌ टक्‌ दाबलं, ब्रेक लागला. मग त्याने मुंगीसारखा एकदाच दाबून धरला, आणि आपला पाय तळाला जाताना तो बघत राहिला.

"माझाच पाय खोटं बोलला गं," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "तू खरं सांगत होतीस आणि मी थट्टा केली."

"मामा, रडू नकोस ना. गाडी थांबली."

"तू थांबवलीस."

बाबा व्यापाऱ्याकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पुढच्या आठवड्यात बघणार होतो," तो पुटपुटला.

मुंगीने कागद मागून घेतला. अक्षर वाकडं आलं, पण तिने मोठं लिहिलं: 'ब्रेक खराब. चालवू नये.' तो कागद तिने माझ्या वायपरखाली खोचला आणि मग ती चौघं पायीच उतार उतरून गेली. मी मागे राहिले. मला इतकं एकटं आणि इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

कागद अजून आहे. व्यापाऱ्याने तो काढायला हात उचलला होता, पण वाचून खाली घेतला. मेकॅनिक उद्या येणार म्हणतात. तोवर कुणी फाटकात शिरलं की मी घाबरते.

मित्रांनो, गोष्टीबाहेर गाड्यांना बोलता येत नाही; आमचं दुखणं तुम्हीच पायाने, कानाने ऐकायचं असतं. आणि कुणी शिकाऊ पोर 'काहीतरी चुकतंय' म्हणाली, तर हसण्याआधी थांबा. एवढं करा, आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या मुंगीची आठवण ठेवा. पहिली तारीख जवळ आली आहे. तिला कुठली गाडी मिळाली, मला ठाऊक नाही.