लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी

तो न्हाणीघरात तोंड धुतोय याची खात्री करून तिने खुर्चीवरचा त्याचा शर्ट उचलला आणि नाकाशी धरला. संत्र्याची साल. तिच्याआड लॅव्हेंडर. पिठाचा, भट्टीचा मागमूस नाही. तिने शर्ट होता तसा टाकला, मग पुन्हा उचलला आणि साबणाच्या बादलीत बुडवला.

नवरा तिचा बेकर. थंडीतल्या एका तापानंतर त्याचं नाक गेलं. म्हणजे नाक जागच्या जागी होतं, वास तेवढा गेला. भट्टीतले दोन ट्रे पाव त्याच्या डोळ्यांदेखत नाही, पण नाकादेखत कोळसा झाले, तेव्हा मालकाने त्याला पुढे काउंटरवर बसवलं. मालक माणूस चांगला होता. नाक परत येईस्तोवर भट्टीची जागा राखून ठेवतो म्हणाला. पण तेव्हापासून नवरा स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वावरू लागला. ताटात पडेल ते मुकाट्याने जेवायचा. खारट झालंय की अळणी, एक शब्द नाही.

मग नणंदेने त्या बाईचा पत्ता आणला. औषधांच्या दुकानावर तिची खोली होती आणि ती तेलांच्या वासाने उपचार करायची. झोप न येणाऱ्याला लॅव्हेंडर, डोकं धरून येणाऱ्याला पुदिना, आणि वास गेलेल्याला चार बाटल्या: सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून एकेक हुंगायची आणि तो वास आठवायचा. डॉक्टरसुद्धा हेच करायला सांगतात, नणंद म्हणाली. शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता तिने स्वतःच नवऱ्याला म्हटलं होतं, जाऊन बघा की. तिनेच धाडलं. आता तक्रार तरी कुणाकडे करायची?

कारण तिथून तो हसत येऊ लागला. जिना चढताना शीळ घालू लागला. त्या बाईला तिने मनातल्या मनात ‘अत्तरवाली’ नाव ठेवलं आणि एकदा मुद्दाम बरोबर गेली. रेशमी, नटवी कुणीतरी असेल असं तिला वाटलं होतं. निघाली कॅनव्हासचे बूट घातलेली, केसांत पेन्सिल खोचलेली साधी बाई. नटवी असती तर नावं तरी ठेवता आली असती.

अत्तरवालीने लिंबाच्या तेलाची पट्टी त्याच्या नाकाखाली धरली आणि म्हणाली, वास नाही आला तरी चालेल, नुसतं आठवा. आणि घरी दोन शब्दांवर तिसरा न बोलणारा नवरा बोलत सुटला. काजळलेली किटली आई लिंबाच्या सालीने घासायची. मदत करताना कापलेल्या बोटाला रस लागला, तर आईने किती वेळ बोटावर फुंकर घातली. एवढ्या वर्षांचा संसार, आणि ते बोट तिला ठाऊक नव्हतं. निघताना अत्तरवालीने तिच्याही हातात लॅव्हेंडरची कुपी ठेवली. उशीला लावा, तुम्हीही दमलेल्या दिसता. त्या रात्री तिला मेल्यासारखी झोप लागली, आणि सकाळी त्या झोपेचाही राग आला.

पुढे एके संध्याकाळी तो म्हणाला, लिंबू आलं. काही दिवसांनी लवंग आली. मग गुलाब, मग निलगिरी. नणंद फोनवर आनंदाने रडली. तीही हसली, पण ते हसू ओठांच्या खाली उतरलं नाही. लग्नाच्या सुरुवातीला तो म्हणायचा, तुझ्या मानेला नव्या कापडाचा आणि गरम इस्त्रीचा वास येतो. एक दिवस बाही बेतता बेतता, सहज विचारल्यासारखं करून, तिने विचारलं.

“आणि माझा?”

तो उठून आला. तिच्या मानेशी नाक नेऊन बराच वेळ उभा राहिला. त्याचा श्वास तिला लागत होता.

“नाही,” तो म्हणाला.

असू दे, ती म्हणाली, आणि बाही चुकीची कापली. गुलाब येतो, लवंग येते, बायको तेवढी येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामाला गेल्यावर तिने चारही बाटल्या मागच्या गटारात रिकाम्या केल्या. सोड्याच्या गरम पाण्याने विसळल्या, सुकवल्या आणि त्यांत मशीनचं नवं, पाण्यासारखं, बिनवासाचं तेल भरलं. हुंगून पाहिलं. काही नाही. तिला एवढंच हवं होतं की त्याने हुंगावं, काही येऊ नये, आणि त्या बाईवरचा विश्वास उडावा. पण वासाने घर भरून गेलं होतं. खिडक्या उघडून, फरशी दोनदा पुसूनही जाईना. संध्याकाळी तो त्याच दरवळात येऊन बसला, बूट काढले, आज दमलोय, बाटल्या उद्या म्हणाला आणि चहा मागितला. कळलंय, आणि गप्प बसलाय, असं तिला वाटलं.

सकाळपर्यंत घरात ओल्या फरशीखेरीज कशाचा वास उरला नव्हता. तो खिडकीशी बसला, चष्मा काढला, पहिली बाटली उघडली आणि डोळे मिटले.

“लिंबू,” तो म्हणाला. “छान येतंय.”

तिने खुर्चीची पाठ धरली.

“लवंग आज जरा मंद आहे.” मग तिसरी. “गुलाब.” चौथी त्याने जास्त वेळ धरली. “निलगिरी कालपेक्षा बरी. मालकाला सांगून टाकतो आता, सोमवारपासून भट्टीवर येतो म्हणून.”

लिंबू आलं त्याच्या आदल्या दिवशी ती मशीनवर डोकं टेकून रडली होती, हे असंच राहिलं तर कसं व्हायचं म्हणून. लवंग आली तेव्हाही तिचं काहीतरी बिनसलेलंच होतं. ती एकेक बाटली आठवत गेली आणि शेवटी त्या ‘नाही’पाशी येऊन थांबली. तिथे ‘येतो’ एवढा एक शब्द बोलला असता तर त्याचं काय गेलं असतं? ती आठवडाभर गात फिरली असती. त्याने तो उच्चारला नव्हता.

“आज मी येते तुमच्याबरोबर,” ती म्हणाली. “तिच्याकडे.”

“कशाला गं?”

“पुन्हा पहिल्यापासून कसं सुरू करायचं, ते विचारायला.”

त्याने चष्मा लावला. एकेका बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं. सगळी झाल्यावर तिच्याकडे न बघता म्हणाला,

“लिंबू नाही येत.”

“माहीत आहे.”

“तुला कसं माहीत?”

ती चपला शोधत होती. एक पायात सरकवली, दुसरी पलंगाखालून ओढून काढली.

“वाटेत सांगते,” ती म्हणाली.